युरोप सहलींच्या आयोजकांना खुलं पत्र : नाँसीच्या चौकासाठी अर्धा दिवस काढा

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणारे सर्व सहल संचालक आणि टूर मॅनेजर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलींच्या जाहिराती आल्या की मी फ्रान्सचं पान आधी उघडते. कंपनी कुठलीही असो, मजकूर एकच असतो. आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट, बसमधून पॅरिसदर्शन, जमलं तर व्हर्साय किंवा डिस्नेलँड, आणि मग बस सुटते ती थेट स्वित्झर्लंडकडे नाहीतर ब्लॅक फॉरेस्टकडे. पॅरिसची वेस ओलांडली की फ्रान्स संपला. पुढचे चारपाचशे किलोमीटर लोक झोपतात, अंताक्षरी खेळतात आणि पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहापुढे रांग लावतात.

त्या वाटेवर नाँसी हे शहर घ्या, एवढीच माझी मागणी आहे. स्ट्रासबुर्गमार्गे जर्मनीकडे जाणारी बस मेत्स शहरावरून जाते, आणि मेत्सपासून नाँसी दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. बस नको असेल तर पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून वेगवान रेल्वेने दीड तासात पोचता येतं. तिथे १७५५ मध्ये पूर्ण झालेला एक चौक आहे, प्लास स्तानिस्लास. शेजारच्या प्लास द ला कारिएर आणि प्लास दालियाँस या दोन चौकांसह तो १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. अजिंठा आणि वेरूळ यांची नावं त्या यादीत चढली तीही त्याच वर्षी. २०२१ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी देशातलं सर्वांत आवडतं स्मारक म्हणून याच चौकाला कौल दिला.

हे सगळं तुम्हालाही माहीत असेल. क्वचित एखादी सहल तिथे जातेही. नाँसी ज्या लोरेन प्रांतात आहे तिथे मी काही वर्षं राहिले, त्यामुळे असे गट पाहिले आहेत. सोन्याच्या जाळीपुढे समूहछायाचित्र, ‘एका दयाळू राजाने हा चौक बांधला’ हे एक वाक्य, वीस मिनिटांत परत बसमध्ये. असं दाखवायचं असेल तर न दाखवलेलं बरं. हा चौक नुसता देखणा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं, देखणे चौक युरोपात ढीगभर आहेत. इथे हाती सत्ता नसलेल्या एका माणसाने दगडात केलेल्या तडजोडी उघड्यावर मांडून ठेवल्या आहेत, आणि कुणी बोट ठेवून दाखवल्या तर शाळकरी मुलालाही त्या वाचता येतात. बोट ठेवणारा माणूस मात्र हवा, आणि तो तुमच्याकडे पगारावर आहे.

तेव्हा टूर मॅनेजरांसाठी थोडं सविस्तर.

चौक बांधणारा राजा फ्रान्सचा नव्हता, पोलंडचा होता. स्तानिस्लास लेश्चिन्स्की पोलंडच्या गादीवर दोनदा बसला आणि दोन्ही वेळा खाली उतरवला गेला. पहिली खेप १७०४ ची, स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सच्या जोरावर. १७०९ मध्ये पोल्ताव्हाच्या लढाईत चार्ल्स रशियाकडून हरला आणि याचीही गादी गेली. पुढे अल्सासमधल्या विसांबूर गावात तो परक्यांच्या मेहेरबानीवर दिवस काढत होता. अशात १७२५ मध्ये त्याच्या मुलीला, मारीला, स्थळ सांगून आलं ते थेट फ्रान्सच्या पंधराव्या लुईचं. नवरा पंधरा वर्षांचा, नवरी बावीसची. जावयाचा आधार मिळाल्यावर १७३३ मध्ये दुसरी खेप झाली, तिच्यातून पोलंडचं वारसायुद्ध पेटलं आणि डान्झिग बंदराच्या वेढ्यातून आपले राजेसाहेब शेतकऱ्याच्या वेषात निसटले.

आता या सासऱ्याचं करायचं काय? त्याच सुमाराला लोरेनचा तरुण ड्यूक फ्रान्सिस ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाशी लग्न करणार होता. म्हणजे ऑस्ट्रियाची सत्ता फ्रान्सच्या उंबरठ्यापर्यंत येणार, आणि ते फ्रान्सला मुळीच नको होतं. मग अदलाबदल ठरली. फ्रान्सिसने लोरेन सोडायचं आणि त्याबदल्यात इटलीतलं टस्कनी घ्यायचं. लोरेन द्यायचं स्तानिस्लासला, पण फक्त हयातीपुरतं. तो गेला की प्रांत फ्रान्सला जोडला जाणार. सात शतकं एका घराण्याकडे असलेलं राज्य असं कागदावर फिरलं. जुनं ड्यूक घराणं १७३७ मध्ये निघालं तेव्हा लोक रस्त्यात गाड्यांना आडवे आले.

खरी मेख याच्या आधीच, १७३६ मध्ये मारून ठेवलेली होती. स्तानिस्लासने एका गुप्त कागदावर सही करून कर, न्याय आणि कारभार हे सगळं फ्रान्सने नेमलेल्या चॅन्सलरच्या, म्हणजे मुख्य कारभाऱ्याच्या हाती दिलं. शोमों द ला गालेझिएर हे त्याचं नाव. राजाकडे राहिला किताब, नाँसीजवळच्या लुनेव्हिलचा राजवाडा आणि ठरलेला तनखा. संस्थानिकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. गालेझिएरने कर वाढवले, रस्त्यांच्या कामांवर शेतकऱ्यांना वेठीला धरलं, आणि शिव्या त्याने खाल्ल्या. राजाने ग्रंथालय काढलं, अकादमी काढली, विचारवंत व्होल्तेरला लुनेव्हिलला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं, आणि ‘उपकारकर्ता’ ही पदवी मिळवली. तो मनाने बरा माणूस होता याबद्दल मला शंका नाही. पण ‘दयाळू राजा’ एवढंच सांगून थांबणं म्हणजे गालेझिएरला गोष्टीतून पळून जायला मदत करणं.

आता चौकात या. १२५ मीटर लांब, १०६ मीटर रुंद, कोपरे छाटलेले. दक्षिणेची अख्खी बाजू नगरपालिकेच्या इमारतीने व्यापलेली, पूर्वेला दोन आणि पश्चिमेला दोन मोठ्या इमारती. तळमजल्यावर कमानींची रांग, तिच्यावरच्या मजल्यांना एकत्र बांधणारे कॉरिन्थियन धाटणीचे चपटे भित्तिस्तंभ, माथ्यावर दगडी कठडा आणि त्यावर कलश. रचनाकार एमान्युएल एरे, नाँसीचाच. पहिला दगड १७५२ च्या मार्चमध्ये बसला आणि २६ नोव्हेंबर १७५५ ला उद्घाटन झालं. चार वर्षांच्या आत काम पुरं! सरकारी कामाच्या मुदतीबद्दल गटातला कुणीतरी इथे टोमणा मारेलच, मारू द्यावा.

मग त्यांना उत्तरेकडे तोंड करून उभं करा आणि विचारा, या बाजूच्या इमारती बुटक्या का? तिन्ही बाजू उंच असताना ही बाजू एकाच मजल्यावर थांबली आहे. पैसे संपले नव्हते, आणि सौंदर्यदृष्टीचा तर सुरुवातीला संबंधही नव्हता. कारण लष्करी होतं. नाँसी तेव्हा दोन शहरांचं मिळून होतं. उत्तरेला वाकड्यातिकड्या गल्ल्यांचं मध्ययुगीन जुनं गाव, दक्षिणेला सोळाव्या शतकाच्या अखेरीस ड्यूक तिसऱ्या शार्लने आखलेलं सरळ रस्त्यांचं नवं गाव, आणि मध्ये तटबंदी, खंदक, मोकळं मैदान. स्तानिस्लासला हीच मधली जागा सांधायची होती. फ्रेंच लष्कराने, म्हणजे मार्शल बेल-ईलने, हरकत घेतली. तट पाडायचा नाही. ओसोंव्हिल आणि व्होदेमों या दोन बुरुजांवरच्या तोफांचा मारा अडेल असं त्यांच्यापुढे काहीही उंच बांधायचं नाही. राजाला स्वतःच्या राजधानीतली भिंतही हलवता येत नव्हती.

एरेने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तोफांना अडथळा नको ना, मग या बाजूला एकमजली इमारती, वर नक्षीदार कठडा, आणि मधोमध विजयकमान. कमान रोमच्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवरून घेतलेली आणि पंधराव्या लुईच्या गौरवासाठी. जावयाच्या नावाच्या कमानीला नाही कोण म्हणणार? भिंत तशीच राहिली आणि तिच्यातून वाटही निघाली. वर उत्तरेची बाजू बुटकी राहिल्याने चौकाला आकाश मिळालं. नगरपालिकेच्या सज्जातून पाहिलं तर नजर त्या बुटक्या छपरांवरून पुढे निघून जाते. चारही बाजू सारख्या उंच असत्या तर हा चौक एखाद्या भव्य वाड्याच्या अंगणासारखा बंदिस्त वाटला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. लष्कराच्या आडमुठेपणाचे आभार मानावेत अशा जागा जगात थोड्याच असतील.

त्या कमानीखालून गटाला पलीकडे न्या. ही प्लास द ला कारिएर, सोळाव्या शतकात घोडेस्वारांच्या खेळांसाठी राखलेली लांबट पट्टी. एरेने तिच्या दोन्ही कडांच्या घरांचे दर्शनी भाग एकसारखे करून घेतले. पट्टीच्या शेवटी अर्धवर्तुळाकार स्तंभावली आहे आणि तिच्या मधोमध एक राजवाडा, आज त्याला शासनप्रासाद म्हणतात. हा बांधला कुणासाठी? चॅन्सलर गालेझिएरसाठी! एका टोकाला नगरपालिका, मध्ये फ्रान्सच्या राजाचा पुतळा, मग त्याची विजयकमान, आणि त्याच सरळ रेषेच्या दुसऱ्या टोकाला ज्याच्या हाती खरी दोरी होती तो माणूस. या रेषेवर स्तानिस्लासचं स्वतःचं घर कुठेच नाही, तो तिकडे लुनेव्हिलला. मी घरी आलेल्या पाहुण्यांना हे दाखवते तेव्हा हमखास हशा पिकतो. आपल्याला राजकारण कळतं. वास्तुकला कळत नाही असं आपण उगीच समजतो.

पुतळ्याचं म्हणाल तर आज मध्ये उभा आहे तो स्तानिस्लास, पण मूळचा पुतळा पंधराव्या लुईचा होता, बार्तेलमी गिबाल आणि सिफ्ले यांनी घडवलेला. क्रांतीत, १७९२ मध्ये, तो गेला. चौकाचं नावही काळाप्रमाणे फिरत राहिलं. आधी राजाचा चौक, क्रांतीनंतर जनतेचा, मग नेपोलियनचा, पुन्हा राजाचा. १८३१ मध्ये जाकोच्या हातचा स्तानिस्लासचा पुतळा बसला आणि तेव्हापासून हे नाव टिकलं. ज्या माणसाने जावयासाठी सगळा खटाटोप केला, त्याला स्वतःच्या चौकात जागा मिळायला मरणोत्तर ६५ वर्षं लागली.

आता सोन्याची जाळी. फोटो तिथेच काढतात, काढावेत. फक्त कारागिराचं नाव सांगा. जाँ लामूर, नाँसीचा लोहार, किंवा त्या काळच्या व्यवसायाप्रमाणे कुलपं-जाळ्या करणारा कारागीर. जन्म १६९८, मृत्यू १७७१. छाटलेल्या कोपऱ्यांमध्ये इमारतींच्या मधली जी फट उरते ती त्याने घडीव लोखंडाने भरली आणि वर सोन्याचा वर्ख दिला. उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत त्याच लोखंडी कमानींखाली गिबालची कारंजी आहेत, एकात समुद्रदेव नेपच्यून, दुसऱ्यात त्याची राणी अँफिट्राइट. जाळी लावल्याने चौक बंद झाला आणि तरी पलीकडचं दिसत राहिलं, दगडाने हे साधलं नसतं. लामूरला आपल्या कामाचा अभिमानही पुरेपूर होता, १७६७ मध्ये त्याने स्वतःच्या कामांच्या आराखड्यांचं पुस्तकच छापून घेतलं. नगरपालिकेत प्रवेश मिळाला तर जिन्याचा कठडा जरूर पाहा, तोही त्याचाच.

दर्शनी भागांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राजाने जागा दिल्या त्या अटीवर : बाहेरून एरेच्या आराखड्याप्रमाणेच बांधायचं, आत तुमचं तुम्ही पाहा. त्यामुळे गेल्या पावणेतीनशे वर्षांत या दगडी मुखवट्यांमागे संसार बदलत राहिले. वैद्यक महाविद्यालयाची इमारत आता ललितकला संग्रहालय आहे. १९०६ मध्ये शहराचं जुनं नाट्यगृह जळालं, तेव्हा बिशपच्या निवासाच्या दर्शनी भागामागे नवं ऑपेरागृह बांधलं आणि ते १९१९ मध्ये सुरू झालं. शेजारच्या इमारतीत ‘द ला रेन’, म्हणजे ‘राणीचं’, हे हॉटेल आहे. बाहेरून काहीही हललेलं नाही.

संग्रहालयासाठी निदान पाऊण तास ठेवाच, तोही तळघरासाठी. दोमच्या कारखान्यातल्या काचवस्तूंचा मोठा संग्रह तिथे मांडलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाँसी ही वेलबुट्टीदार आर नूव्हो शैलीची एक राजधानीच होती, काचकलाकार एमिल गाले आणि दोम बंधू इथेच काम करत. काचेभोवती तळघरात जुनी जाडजूड दगडी भिंत दिसते. ती ओसोंव्हिल बुरुजाच्या तटबंदीची. हो, तोच बुरुज, ज्याच्या तोफांसाठी वरच्या इमारती बुटक्या राहिल्या. वर चौक पाहून मग खाली उतरलं तर हे कुणालाही सांगावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे प्रवासी पॅरिसमध्ये चौक पाहतातच की. पाहतात, बसच्या काचेतून. प्लास द ला काँकॉर्दला तुमची बस वळसा घालते आणि गिलोटिनची गोष्ट सांगून पुढे जाते. तोही पंधराव्या लुईचाच चौक, साधारण त्याच काळातला, वास्तुकार गाब्रिएलने आखलेला. तिथलाही पुतळा १७९२ मध्येच उतरवला गेला आणि आज मधोमध इजिप्तमधल्या लक्सरचा स्तंभ आहे. पण काँकॉर्दला एकाच बाजूला इमारती आहेत, बाकी नदी, बागा आणि वाहनं. एका राजासाठी बांधलेला चौक आतून कसा वाटायचा हे तिथे अनुभवता येत नाही. नाँसीत येतं, कारण २००५ मध्ये, अडीचशेव्या वर्षाच्या निमित्ताने, वाहनं पूर्णपणे बाहेर गेली आणि फिकट दगडाची नवी फरसबंदी झाली. तिच्यावर काळ्या दगडाचे दोन कर्ण पुतळ्यापाशी एकमेकांना छेदतात. कित्येक वर्षं तिथे गाड्या उभ्या राहत होत्या, हे आज खरं वाटत नाही.

आणि व्हर्साय? तिथे तुम्ही मारी आंत्वानेतचं ते खेळण्यातलं खेडं दाखवता. ते रचणारा रिशार मीक नाँसीचा. एरेनंतर स्तानिस्लासचा वास्तुकार तोच झाला, मग व्हर्सायला गेला आणि १७९४ मध्ये गिलोटिनखाली आला. मारी आंत्वानेत स्वतः कोण? लोरेन सोडून गेलेल्या त्या ड्यूक फ्रान्सिसची मुलगी. तिचा नवरा, सोळावा लुई, स्तानिस्लासचा पणतू. १७७० मध्ये नवरी म्हणून व्हिएन्नाहून व्हर्सायला जाताना ती नाँसीला थांबली होती, आणि चौकातल्या त्या हॉटेलच्या नावातली राणी तीच. बापाच्या हातून गेलेलं गाव आणि ते ज्याला मिळालं त्याच्या पणतूशी लग्न! मराठी मालिकांना विषय पुरवू शकेल अशी ही कथा तुमच्या सहलीत दोन तुकड्यांत पडून आहे. व्हर्सायचा अर्धा तुम्ही सांगताच, दुसरा नाँसीत आहे.

थोडं व्यवहाराचं. बस चौकात जात नाही, चालावं लागतं. पण रेल्वे स्थानकापासूनचं अंतर पायी दहाएक मिनिटांचं आहे आणि सगळं सपाट, त्यामुळे ज्येष्ठांनाही जड नाही. चौकातले कॅफे महाग, शेजारच्या गल्ल्यांतले बरे. किश लोरेन या प्रांताची खरी, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, हे शाकाहारी मंडळींना आधीच सांगा, नंतरचे वाद वाचतील. बर्गमोट या लिंबासारख्या फळाच्या चवीच्या चौकोनी, मधाच्या रंगाच्या गोळ्या मिळतात, त्या घरी न्यायला उत्तम. बाबा नावाचा रममध्ये भिजवलेला केक स्तानिस्लासच्या स्वयंपाकघरात जन्मला अशी दंतकथा तुम्हाला ऐकवतील, ऐकून घ्यावी. चौकात पहिल्यांदा शिरण्याची वाट मात्र नीट निवडा. जुन्या गावाकडून कारिएरमार्गे या आणि कमानीखालून चौकात शिरा. अंधाऱ्या कमानीतून बाहेर पडताच एकदम सगळा चौक समोर उघडतो. स्थानकाकडून सरळ आलात तर तो कडेकडेने दिसू लागतो आणि मजा जाते. वेळ उरला तर पूर्वेचा प्लास दालियाँस, १७५६ च्या फ्रान्स-ऑस्ट्रिया तहाच्या स्मरणार्थ असलेला. लहान, शांत, झाडांचा. नाही उरला तरी चालेल.

यासाठी काय सोडायचं, असा तुमचा प्रश्न असणार. पॅरिसमधला अत्तराच्या दुकानातला दीड तास सोडा. तिथे गट का नेतात हे आता प्रवाशांनाही कळतं. ब्लॅक फॉरेस्टमधलं कोकिळेच्या घड्याळाचं प्रात्यक्षिक निम्म्या वेळात उरकता येतं. एवढ्यात नाँसी सहज बसतं. भाव वाढवावा लागला तर किती ते सांगून वाढवा. माझ्या ओळखीतले बरेच निवृत्त शिक्षक, बँकवाले आणि इंजिनिअर तेवढे पैसे देतील, कारण तेच लोक दरवर्षी ‘सगळं पाहिलं पण काही कळलं नाही’ म्हणत परत येतात.

पुढच्या उन्हाळ्याच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जातील त्याआधी तुमच्यापैकी एकाने तरी हा बदल एका तुकडीपुरता करून पाहावा. टूर मॅनेजरसाठी चौकाचं मराठी टिपण, नकाशासह, मी लिहून देईन. मानधन नको. फक्त पत्रिकेत त्यापुढे ‘फोटो स्टॉप’ लिहू नका.

कळावे,
आपली,
लोरेनमध्ये काही काळ राहिलेली एक मराठी प्रवासी